शर्टाच्या कॉलरवरचा चोकर

रेश्मा बाईला आधी मागून ओळखते. चेहरा नंतर. पाथर्डीच्या जुन्या स्टँडमागे तिचं पार्लर आहे, दहा बाय बाराचं, एक मोठा आरसा आणि दोन खुर्च्या. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस वर धरले की मान उघडी पडते, आणि मानेला चेहऱ्यासारखं खोटं बोलता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची मान तर तिला डोळे मिटूनही कळते. मणक्याच्या दोन्ही अंगांना दोरखंडासारखे ताठ झालेले स्नायू, आणि गळ्याभोवती उन्हाने ओढलेली एक रेघ. तोडीला जाताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, उसाच्या पात्याने हात फाटू नयेत म्हणून. पाच-सहा महिने तो शर्ट अंगावर राहिला की कॉलरच्या वर एक बाई असते आणि कॉलरच्या खाली दुसरी, थोडी उजळ, कुणी न पाहिलेली.

चोकर नेमका त्या रेघेवर बसतो. म्हणून या बाजूच्या नवरीमुलींना तो आवडतो, असं रेश्माला वाटतं. आधीच्या बायकांना ठुशी होती, वज्रटीक होती. गळ्याला बिलगून बसणारं जे काही असेल त्याला आता चोकरच म्हणतात, आणि मुली मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतात, ताई, अस्साच.

रेश्मा मूळची खर्ड्याकडची. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, त्यामुळे तिचं निम्मं बालपण कारखान्याच्या माळावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत गेलं. सतराव्या वर्षी अमृतशी लग्न झालं आणि पुढचे सहा हंगाम ती स्वतः उसाच्या फडात होती. नवरा तोडायचा, ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची. फळी चढताना मान सरळ ठेवावी लागते. तिरकी झाली तर मोळी जाते आणि मोळीमागून बाई. सहाव्या हंगामानंतर तिने नगरला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला आणि परत कोयत्याला हात लावला नाही. त्याला पंधरा वर्षं झाली. आता ती अडतीसची आहे.

संक्रांतीपासून तिच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. अंगठा आणि शेजारचं बोट मधेच आपलं राहत नाही. पकडलेली पिन पडते आणि पडल्याचं आवाजावरून कळतं. नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि मानेचे मणके झिजलेत म्हणून सांगितलं.

"मान खाली घालून काम करू नका."

"मग कशी घालून करू?" तिने विचारलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मानेचा पट्टा लिहून दिला. घरी तो बांधून ती भाकरी थापायला बसली तेव्हा अमृत म्हणाला, "झाला तुझाबी चोकर." तीही हसली.

हिशेब सरळ होता. नवरीचं काम म्हणजे गाठी आणि पिना. बोटं थांबली की पार्लर थांबलं. पार्लर थांबलं की मागे कोयता, आणि ही मान आता मोळी घेणार नाही. म्हणून तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. एका लग्नात हात थरथरला की संध्याकाळपर्यंत चार गावांत कळतं, आणि पुढच्या नवऱ्या शेवगावला नाही तर नगरला जातात.

मे महिन्यात पंकजाचं लग्न आलं. माणिकदौंडीच्या घाटाखालची वस्ती, घर कोयतेकऱ्यांचं. पंकजा मात्र तोडीचे हंगाम सोडून गेली दोन वर्षं सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिने स्वतः नगरच्या कापड बाजारातून एक चोकर घेतला होता. दोन बोटं रुंद, मधे हिरवा खडा, खाली मोत्यांची झालर, मागे रेशमी डोरी आणि गोंडा. महिनाभर आधी तो घेऊन ती पार्लरमध्ये आली.

"ताई, चार कपडे आहेत. चारींवर हाच पाहिजे. दुसरं काही गळ्यात नको."

"चारींवर एकच?"

"माझा आहे ना."

रेश्माने चोकर हातात घेतला. जड होता. जड चोकरची गोष्ट अशी की तो एकटाच राहायला मागतो. त्याच्याबरोबर कानात झुंबरं घातली की बाईचा चेहरा दोन बाजूंनी दाबल्यासारखा दिसतो. गळ्यात भारी असेल तर कानात हलकं, आणि कपड्याचा गळा उघडा नाहीतर पूर्ण बंद; अर्धवट काही नको. हे तिला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. हजारेक गळे पाहून समजलं होतं.

लग्नाच्या दिवशी अमृतने तिला सकाळी सातला मोटारसायकलवर वस्तीवर सोडलं. मधल्या खोलीत पंख्याखाली आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता. पंखा फिरत होता आणि गरम हवाच इकडून तिकडे करत होता.

हळदीला पिवळा सुती कुर्ता. साध्या कापडावर चोकर नुसता ठेवला तर तो कपडा खाऊन टाकतो, म्हणून रेश्माने कुर्त्याचा गळा आतून दुमडून थोडा खोल केला आणि कानात काहीच घातलं नाही. डोरी सैल ठेवली. हळद लागल्यावर गळ्याला खाज सुटते.

साखरपुड्याला मुलाकडची साडी आली, जांभळी, काठाला जर. मुलाकडचे राहुरीचे. सोयरे आपल्यातलेच, पण दोन पिढ्यांपूर्वी कॅनॉलच्या पाण्यावर राहायला गेलेले, त्यामुळे आता बागायतदार. साडीचा रंग चोकरच्या हिरव्या खड्याशी भांडत होता. रेश्माने पदराचा काठ खांद्यावर असा उलगडला की जर वर आली आणि रंग खाली गेला. भांडण मिटलं. उजवा अंगठा तोवर दोनदा झोपला होता. ती मेकअपच्या पेटीत काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने पाठमोरी व्हायची आणि हात झटकायची.

अक्षतांना नऊवारी. नऊवारीवर चोकर जुन्या ठुशीच्या जागी, गळ्याच्या अगदी मुळाशी बसतो आणि नथीशी बोलतो. मग कानात कुड्या पुरेत. इथे तिने डोरी वर धरून दोन गाठी मारल्या आणि गोंडा अंबाड्याखाली लपवला. दुसरी गाठ तिने डाव्या हाताने मारली. पंकजा आरशात स्वतःकडे पाहत होती, म्हणून तिला दिसलं नाही. पण दाराशी उभी असलेली पंकजाची आई, बनुबाई, बघत होती.

साडेबाराला अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती उठल्या. चार वाजता पाठवणी ठरली होती, आणि पाठवणीचा चौथा पोशाख पंकजाने पिशवीतून काढला. लाल रेशमी घागरा आणि त्यावर कडक इस्त्रीचा, पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"हे काय हाय?" बनुबाईने विचारलं.

"शर्ट."

"ते मलाबी दिसतंय. कुनाचा?"

"माझा. यावर चोकर. सगळ्या घालतात आता, आई. मोबाईलवर दाखवलं नव्हतं का?"

पंकजाची आत्या बायडाबाई भिंतीला टेकून पान लावत होती. ती खो खो हसली. "अगं वयनी, पोरगी सासरी चालली का फडात? कोयताबी दे म्हनावं संगं!"

"वन्सं, तुमी गप बसा," बनुबाई म्हणाली. मग लेकीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पंका, त्या लोकांच्या बाजूला आमी ऊस तोडलाय. मी आन तुझे आबा. ते ट्रॅक्टरवर बसून बघायचे आन मी असाच शर्ट घालून मोळ्या व्हायचे. तू त्यांच्या दारात माप वलांडनार त्यो शर्ट घालून?"

"आबांचा जुना नाही घातलेला मी. हा नवा आहे. माझ्या मापाचा शिवलाय."

"मापाचा म्हनं."

"व्हय. मापाचा."

दोघी आरशातूनच एकमेकींकडे पाहत होत्या. मग पंकजा रेश्माकडे पाहू लागली, बनुबाईही. दोघींना तिचं मत हवं होतं.

रेश्माला ठाऊक होतं की शर्टावरचा चोकर सगळ्यांत अवघड. कातडीवर तो घामाने तरी चिकटतो, कडक कापडावरून घसरतो. वरचं बटण लावायचं, कॉलरची पानं दाबून बसवायची आणि डोरी अशी ओढायची की खडा बरोबर बटणावर येईल, कापडाला चुणी पडणार नाही आणि नवरीला श्वासही घेता येईल. त्याला दोन्ही हातांचे अंगठे लागतात. तिचा उजवा अंगठा या क्षणी लाकडाचा होता. आणि नऊवारीवरचा चोकर तर बसलेला होता, घट्ट, सुंदर. एक शब्द बोलला की काम संपत होतं.

"आई म्हणतात ते खरं आहे, पंकजा," ती म्हणाली. "नऊवारीवरच राहा. पाठवणीला शोभून दिसतं. मोठ्या माणसांच्या मनाला बरं वाटतं."

पंकजाने तोंड वळवलं. "ताई, तुम्हीपण?"

एवढंच म्हणाली ती. पण रेश्माला वाटलं, कुणीतरी आपली मान मागून पाहतंय. तिने आजवर नवरीमुलींना पुष्कळ काही सांगितलं होतं, रंग उजळ दिसेल, गाल भरलेले दिसतील, फोटोत कळत नाही. पण स्वतःच्या बोटासाठी रीतीचं नाव घेतलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "उभी राहा. घालू शर्ट."

बनुबाई बाहेर गेली नाही. खाटेच्या कडेला बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. घागरा झाला, शर्ट आत खोचला, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. मंगळसूत्र आत की बाहेर, यावरून बायडाबाईने हुज्जत घातली. "बाहीर, बाहीर! न्हाईतर लोक म्हनतील लगीन झालं का नुसतंच जेवले." मंगळसूत्र बाहेर आलं, शर्टाच्या पट्टीवर सरळ. त्याच्यावर चोकर येणार होता.

रेश्माने चोकर पुढून धरला, खडा बटणावर आणला, डोऱ्या मागे नेल्या आणि ओढल्या. डाव्या हाताला डोरी लागली. उजव्या हाताला काहीच लागलं नाही. तिने डोळ्यांनी पाहून चिमूट धरली, पहिली गाठ मारली, दुसरीसाठी जोर लावला आणि उजवा हात आपोआप उघडला. चोकर शर्टावरून सरकत खाली आला आणि फरशीवर पडला. मोत्यांच्या झालरीतले दोन मणी तुटून खाटेखाली गेले.

"अगं बया!" बायडाबाईचं पान हातातच राहिलं.

पंकजा वाकायला गेली, घागऱ्यात अडकली. रेश्मा वाकूच शकली नाही. तिचा हात हवेत तसाच उघडा राहिला. लपवण्याजोगं आता काही नव्हतं.

बनुबाई उठली. तिने आधी चोकर उचलला नाही. रेश्माचा हात धरला, पालथा केला, अंगठा आणि शेजारचं बोट दाबून पाहिलं. माणसाने पेरणीआधी माती दाबून पाहावी तसं.

"हितं लागतंय का?"

"न्हाई."

"हितं?"

"थोडं."

"मोळीचं हाय हे," बनुबाई म्हणाली. "माझा डावा निम्मा गेलाय. तुझा उजवा. तू किती सालं केलीस?"

"सहा."

"सहातच? मग तू लई भरून उचलत हुतीस." असं म्हणून तिने रेश्माला खांद्याला धरून नवरीच्या खुर्चीत बसवलं. "बस तितं. तोंडानं सांग. मी बांधते."

"आई, तू?" पंकजा म्हणाली.

"का? चाळीस वर्सं काय केलं मग? बांधलंच की."

तिने चोकर उचलला, पदराने पुसला आणि लेकीच्या मागे उभी राहिली. रेश्मा सांगू लागली. खडा बटणावर. अजून अर्धं बोट वर. कॉलरचं पान आत दाबा, हां. आता दोन्ही डोऱ्या सारख्या ओढा. बनुबाईने ओढल्या, एकात एक पिळल्या, पीळ खाली खुपसला आणि गुडघा लेकीच्या कमरेला लावून एक हिसका दिला.

पंकजाचे डोळे मोठे झाले. तिने गळ्याकडे हात नेला. आवाज निघेना.

"अवो सोडा, सोडा!" रेश्मा ओरडली. "मोळी न्हाई ती, गळा हाय!"

बायडाबाई हसून हसून भिंतीवरून घसरली. पंकजा खोकत खोकत हसली. बनुबाई तेवढी हसली नाही. ती तो पीळ सोडवायचा प्रयत्न करत होती आणि पीळ सुटत नव्हता, कारण मोळीची गाठ सुटण्यासाठी मारलेलीच नसते. ती कारखान्यात जाऊन कोयत्यानेच तुटते. शेवटी रेश्माने सांगितलं तशी तिने पेटीतली सुई घेतली आणि उभ्याउभ्या, डोळे बारीक करून, एकेक धागा उकलत गेली. पाच मिनिटं लागली. बाहेरून कुणीतरी दोनदा हाक मारली, जीप तयार आहे म्हणून.

"आता दोन बोटं आत राहतील एवढी जागा ठेवायची," रेश्मा म्हणाली. "तुमचीच दोन बोटं घाला. हां. आता गाठ. पिळायचं नाही. फुलाची गाठ, बुटाला मारतात तशी."

"बूट कुनी घातलेत," बनुबाई म्हणाली. पण तिने मारली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. मग तिने लेकीला खांद्याला धरून आरशाकडे वळवलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. पांढरी कडक कॉलर, तिच्यावर हिरवा खडा, खाली मंगळसूत्राचे काळे मणी. गळ्यावरची कुठलीच रेघ दिसत नव्हती. शर्टाने ती झाकली होती, ज्या शर्टाने ती पाडली होती त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या.

"कॉलर लई कडक हाय," बनुबाई म्हणाली.

"खळ लावलीय, आई."

"आमचीबी कडक व्हायची. घामानं वाळून." तिने कॉलरवरून एकदा बोट फिरवलं आणि काढून घेतलं. "जा. उशीर व्हतोय."

आवडलं असं ती म्हणाली नाही.

जीप गेल्यावर वस्तीवर एकदम कुणी नसल्यासारखं झालं. मांडवाखाली खुर्च्या एकावर एक चढवल्या जात होत्या. रेश्मा मधल्या खोलीत पेटी भरत होती, डाव्या हाताने. पिना, कंगवे, नऊवारीच्या गाठी सोडलेल्या नाड्या. दुखणं आता खांद्यापर्यंत आलं होतं आणि तिला त्याचा राग येत नव्हता, कशाचाच येत नव्हता. बनुबाई रडून झालेल्या डोळ्यांनी आत आली आणि खाटेखाली वाकून दोन मणी शोधू लागली. एक सापडला. बायडाबाई तिच्या मागोमाग आली.

"रेश्मे," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "माझ्या नातीचं जूनच्या दहाला हाय. तुलाच सांगनार हुते. आता काय करू? तू येतीस का दुसरी बघू?"

हाच प्रश्न. संक्रांतीपासून रेश्मा त्याच्यापासून लपत होती, आणि तो असा रिकाम्या खोलीत, पान खाल्लेल्या तोंडाने, साधेपणाने विचारला गेला. तिला खोटं बोलता आलं असतं, आज ऊन लागलं म्हणून. दोघींनी विश्वासही ठेवल्यासारखं केलं असतं.

"हात गेलाय माझा, आत्या," ती म्हणाली. "कपडा कसा, गळा कसा, कशावर काय, ते सगळं मी सांगेन. पण गाठी मारायला बनुबाई लागतील. त्या आल्या तर येते. नाहीतर दुसरी बघा."

"ही?" बायडाबाईने भावजयीकडे पाहिलं. "ही तर पोरीला आवळून मारत हुती."

"दुसऱ्यांदा बसली का न्हाई?" बनुबाई खाटेखालूनच म्हणाली.

"बसली बाई, बसली. घ्या तुमचं तुमी ठरवून." बायडाबाई निघून गेली. ती दुसरी बघणार नव्हती, असं तिच्या चालण्यावरून वाटलं. पण ती हे सगळ्यांना सांगणार, हेही वाटलं.

बनुबाई कण्हत उठली. हातातला एक मणी तिने रेश्माच्या पेटीत टाकला. "मी येईन," ती म्हणाली. "पर दसऱ्यापातूर. पुढं तोडीची टोळी निघाली का मी न्हाई."

रेश्माला ते माहीतच होतं. जूननंतर लग्नं थांबतात. पुन्हा सुरू होतात ती तुळशीचं लग्न लागल्यावर, आणि तोवर या बाजूच्या सगळ्या बायांचे हात दूर कुठेतरी फडात गेलेले असतात. या वस्त्यांवर त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. नवऱ्या तेव्हाही येतील, पाथर्डीतल्या, गावातल्या. तेव्हाच्या गाठी कोण मारणार, ते ठरायचं होतं. जूनच्या दहाचं तेवढं ठरलं होतं.

बाहेर अमृतने हॉर्न वाजवला.

"जूनला तर या," रेश्मा म्हणाली.

"येते की."

बनुबाई तिच्या डाव्या बाजूला उभी होती. म्हणून पेटीची एक कडी तिने उजव्या हाताने धरली, दुसरी रेश्माने डाव्या हाताने, आणि दोघी पेटी घेऊन मांडवातून बाहेर गेल्या, मधे दोनदा थांबत.